जळालेल्या वहीची मापं

१

"माझ्या पोटातलं गुपित कितीला विकलंस, जेन्ट्रिक्स?"

म्वालिमू नेलिमाने दारातूनच विचारलं, आणि जेन्ट्रिक्स नासाम्बूला उत्तर देता येईना, कारण तिच्या तोंडात पाच टाचण्या होत्या. बुंगोमाच्या बाजारात बावीस वर्षं बायकांचे कपडे शिवणाऱ्या या बाईची ती जुनीच सवय. टाचण्या ओठांत धरायच्या आणि कापडावर वाकायचं. गिऱ्हाइकं तिच्यापाशी मन मोकळं करायची ती यामुळेच. ऐकणारीला मधे बोलताच येत नाही, याहून मोठी सोय कुठली?

तिने एकेक टाचणी काढून उशीला टोचली. "म्वालिमू, आधी बस तरी."

"बसायला नाही आले." नेलिमा प्राथमिक शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळ्यांची म्वालिमू, म्हणजे बाई, आणि एरवी तिचा आवाज वर्गाबाहेर चढत नसे. "काल सासूबाईंनी फोन पुढे केला. चष्मा सापडत नाही, आलेले निरोप वाचून दाखव म्हणाल्या. पहिलाच निरोप काय होता ठाऊक आहे? 'अभिनंदन, होणाऱ्या आई! बाळंतविडा घरपोच मिळेल, हो असं कळवा.' मी तो लगेच पुसून टाकला आणि भलतंच काहीतरी वाचून दाखवलं."

जेन्ट्रिक्स खुर्चीत बसली. नेलिमाची दोन मुलं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी सासूने, सगळे जिला कुखू म्हणजे आजी म्हणत त्या राएलीने, तिसऱ्या महिन्यातच सगळ्या चर्चला आनंदाने सांगून टाकलं आणि मग तेच सगळं चर्च सांत्वनाला आलं. चाळीस बायकांना चहा करून घालता घालता नेलिमाने स्वतःचं रडं गिळलं होतं. हे सारं जेन्ट्रिक्सला ठाऊक होतं, कारण टाचण्या.

"या वेळी नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, आणि तो मोम्बासाच्या बंदरात कामाला आहे," नेलिमा म्हणाली. "आणि तू. तुलाही मी सांगितलं नव्हतं. जुलैत कमरेचं माप घेताना तुझी फीत थांबली, तू एक शब्द बोलली नाहीस, नुसतं वहीत लिहिलंस, 'कमरेला चार इंच माया'. तेवढं कापड शिवणीत दाबून ठेवलंस म्हणून आज हा झगा मला होतोय. मला वाटलं, बाई किती जपते."

"मी कुणाला सांगितलं नाही गं. माझ्या लेकरांची शपथ."

"मग तुझ्या वहीने सांगितलं. आज मंगळवार. शुक्रवारी शाळा सुटली की येते, मला नाव हवं. नाही तर माहिती-संरक्षण कार्यालयात तक्रार करते. छोट्या दुकानांनाही कायदा लागू आहे, हे तूच भिंतीवर चिकटवलंयस ना?"

चिकटवलं होतं खरं. त्या कागदाच्या शेजारी खिळ्यांना कागदी फर्मे टांगलेले होते, बाहीचे, गळ्याचे, घेराचे. एक खिळा रिकामा होता, कारण समोरच्या एव्हरलिनने एक फर्मा मागून नेला होता आणि मागून नेलेली वस्तू परत करायची बुंगोमाच्या बाजारात फारशी रीत नाही. जेन्ट्रिक्सने तो कागद पुन्हा वाचला. दंडाची भीती होतीच, पण खरी भीती दुसरी होती. बायका तिच्यापुढे हात वर करून उभ्या राहत, फीत अंगाभोवती फिरवू देत, ती विश्वासावर. तो गेला की बावीस वर्षं गेली.

२

"पोरी, दार लावून घे आणि चहा टाक," मागच्या बाकावरून आवाज आला.

तिथे सेंगे रिस्पा बसलेली होती. सेंगे म्हणजे आत्या. ती कुणाची सख्खी आत्या नव्हती, पण सगळा बाजार तिला तसंच हाक मारी. तरुणपणी ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. तीस वर्षं तिने अख्ख्या जिल्ह्याची भांडणं, लग्नं आणि लफडी कानांनी जोडून दिली आणि एकही बाहेर फुटू दिलं नाही. आता निवृत्त होऊन ती जेन्ट्रिक्सच्या दुकानात मांदाझी खात बसे. तळलेल्या मांदाझीचा तुकडा चहात बुडवल्याशिवाय तिचं डोकं चालत नसे.

"वह्या किती आहेत?"

"दोन होत्या. नवीत नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर पुन्हा विचारून लिहिले, ती कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. जुनी जाळली. ऑगस्टात दुकानदारांची सभा झाली नव्हती का? काम संपलं की गिऱ्हाइकाची माहिती नष्ट करा, उरलेली कुलपात ठेवा, असं सांगितलं. मी घरी येऊन दुसऱ्याच दिवशी मेट्रिनला वही जाळायला सांगितली."

"ते पाहिलंय मी," सेंगे म्हणाली. "मागच्या अंगणात. माझ्या चहाला उकळी येईस्तोवर राखही झाली होती."

मेट्रिन काज-बटणांचं काम करायची. अकरा वर्षं ती आणि जेन्ट्रिक्स एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसत आणि एकाच ताटातला मक्याच्या पिठाचा उगाली खात. तिने सुई थांबवली. "माझ्याकडे काय बघताय? वही जेन्ट्रिक्सने दिली, मी रॉकेल ओतलं."

"आणखी कुणाच्या हाती वही गेली होती?"

"नवीतली नावं मासिंदेने कॉम्प्युटरवर उतरवून दिली," जेन्ट्रिक्स म्हणाली. "कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेचा मासिंदे. म्हटलं, वही हरवली तर असू दे."

इतक्यात कुणीतरी दार धडधडा वाजवलं. बाहेर फिलिस्टर उभी होती. चौसष्ट वर्षांची विधवा, नातवंडांची फौज असलेली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अगं जेन्ट्रिक्स, पेढे वाट! मला दिवस गेलेत!" तिने फोन नाचवला. पडद्यावर तोच निरोप होता. 'अभिनंदन, होणाऱ्या आई!'

३

निरोपाचा नंबर लावून पाहिला, तर बंद. मेट्रिनने बाजारातली नेहमीची युक्ती केली, म्हणजे फोनवरून दहा शिलिंग पाठवायचं नाटक करून मालकाचं नाव बघायचं. पण त्या नंबरावर पैशाचं खातंच नव्हतं.

सेंगे मात्र नंबराकडे बघतच नव्हती. ती फिलिस्टरला न्याहाळत होती. "बाई, तू इथे कपडे कधी टाकलेस?"

"जुलैत. तो मेला ताप येऊन गेला नव्हता का? नुसती काठी झाले होते. म्हटलं, बाई, अंग भरेल माझं, कमरेला सैल ठेव. चार इंच ठेवलंन हिने. भरलंय बघ आता."

"ऐकलंस, पोरी?" सेंगे जेन्ट्रिक्सकडे वळली. "कुजबुजीवरून कुणी निरोप पाठवले असते, तर या म्हातारीला पाठवले नसते. पाठवणाऱ्याने बायका पाहिलेल्याच नाहीत. त्याने फक्त 'कमरेला चार इंच माया' वाचलं आणि ठरवलं की पोट वाढणार. आणि एवढं ज्याला वाचता येतं, तो शिवणकामातला आहे."

फिलिस्टरला हे ऐकून फारच मजा वाटली. ती गेल्यावर सेंगे उठली आणि जेन्ट्रिक्सला घेऊन कोपऱ्यावर गेली.

मासिंदेच्या सायबरात दोन कॉम्प्युटर होते, त्यांतला एक चालू होता. प्रश्न ऐकताच त्याला घाम फुटला. "सेंगे, मी यादी कुणाला दिली नाही. मागितली होती मात्र."

"कोणी?"

"एक जण फिरतो गावोगाव. इमारतींच्या फाटकांवर आपण नाव, ओळखपत्र, फोन लिहितो ना, त्या वह्यांचे फोटो विकत घेतो. साध्या नावाला दोन शिलिंग. दिवस गेलेल्या बाईच्या नावाला तीस. म्हणे, बाई एकदा आई झाली की पुढची पाच वर्षं काही ना काही घेतच राहते. मी नाही म्हटलं."

"नाही म्हणायला किती वेळ लागला?"

मासिंदेने मान खाली घातली. "एक चहा होईपर्यंत."

"खरं बोललास. आता यादीत नेलिमाचा नंबर दाखव."

त्याने दाखवला. सेंगेने तो दोनदा वाचून घेतला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुटलास, बाबा. नेलिमाने जुलैच्या शेवटी नवा नंबर घेतला, जुना सासूला दिला. तुझ्या यादीत नवा आहे. निरोप मात्र जुन्यावर गेला, म्हणून तर तो सासूच्या फोनमध्ये निघाला. म्हणजे पाठवणाऱ्याने ही यादी पाहिलीच नाही, आणि नवी वहीही नाही. त्याने जुनी वही वाचली."

"ती तर जळली," जेन्ट्रिक्स म्हणाली. वही जाळायला कुणाकडे दिली होती, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

४

तिने मेट्रिनला विचारू नये असं सेंगे म्हणाली होती. पण जेन्ट्रिक्सला बुधवारी रात्रभर झोप लागली नाही आणि गुरुवारी सकाळी तिने विचारलंच.

"मेट्रिन, जाळण्याआधी त्यातली पानं काढलीस का? काढली असशील तर सांग. तीस शिलिंगाला एक नाव जातं म्हणे. तुझ्या मुलीची फी होती, मी समजून घेईन."

 मेट्रिनने हातातला झगा नीट घडी करून ठेवला, कात्री त्यावर ठेवली आणि बोटातलं अंगुस्तान काढून कात्रीशेजारी ठेवलं. "समजून घेशील? अकरा वर्षांत मी तुझं एक बटण घरी नेलं नाही. समजून घे म्हणे!" आणि ती गेली.

जेन्ट्रिक्सला रडू कोसळलं. सेंगे आली ती ही अशी रडत असतानाच.

"विचारलंस ना? मोठी हुशार! आता डोळे पूस आणि मला सांग, ती जुनी वही किती पानांची होती?"

"चारशे. जाडजूड काउंटर बुक."

"भरली होती?"

"शेवटच्या पानापर्यंत."

"मग ती चहाला उकळी येईपर्यंत कशी जळली? चारशे पानांची बांधीव वही अर्धा दिवस धुमसते. एक्सचेंजच्या जुन्या नोंदवह्या जाळलेल्या आहेत मी, काठीने ढवळून ढवळून हात दुखले. मेट्रिनने जाळली ती वही आधीच हडकुळी होती. तिच्या हाती यायच्या आधी तिच्यातली पानं कुणी फाडली?"

"माझ्याशिवाय तिला कोण हात..." जेन्ट्रिक्स थांबली.

सेंगे भिंतीपाशी गेली. तिने खिळ्यावरचा बाहीचा फर्मा काढला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. दोन पानं खळीने चिकटवून केलेला. मागच्या बाजूला, जेन्ट्रिक्सच्याच हातची अक्षरं उलटी दिसत होती. नाव, फोन, छाती, कंबर.

जेन्ट्रिक्सने कपाळाला हात लावला. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. कपडे गिऱ्हाइकाने नेले की पानावर रेघ मारायची, पान फाडायचं, फर्म्याला वापरायचं. काउंटर बुकचा कागद जाड, त्यावरच्या रेघांमुळे कापडाचा धागा सरळ धरता येतो. तिच्या लेखी ते पान संपलेलं असे, नुसता कागद. सभेतून आली तेव्हा तिने वही जाळली, पण भिंतीकडे बघायचं तिला सुचलंच नाही.

"जुलैच्या पानांचा कोणता फर्मा केलास?" सेंगेने विचारलं.

दोघींनी एकदमच रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"गरोदरपणाच्या झग्याचा," जेन्ट्रिक्स म्हणाली. "मोठा लागतो. सहा पानं लागली." आणि ती पायांत चपलाही न घालता रस्ता ओलांडून गेली, सेंगे तिच्या मागोमाग.

५

एव्हरलिन खाकासाने शिवणकाम जेन्ट्रिक्सच्याच हाताखाली शिकलं होतं. वर्षापूर्वी तिने समोर बाळंतविड्याचं दुकान टाकलं. दुपटी, टोपडी, आंघोळीच्या टोपल्या. दुकान चालत नव्हतं. फर्मा टेबलावर पसरलेला होता, उलटा.

"ताई, मी चोरी नाही केली," दोघींना बघताच ती म्हणाली. "कागद तू दिलास. मागे नावं दिसली, 'चार इंच माया' दिसलं, मला अर्थ कळला. कळणारच, तूच शिकवलंस. मला वाटलं, कागद दिला म्हणजे त्यावरचंही दिलं. निरोपांसाठी वेगळं सिम घेतलं, सतरा निरोप पाठवले. पहिल्या दिवशी सहा टोपल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी एकीने अशा सणसणीत शिव्या दिल्या, की मी भिऊन सिमच काढून टाकलं."

"नावं पुढे कुणाला दिलीस?" सेंगेचा आवाज बदलला होता. "त्या फिरत्या माणसाला?"

"आला होता तो. तीस शिलिंग म्हणाला." एव्हरलिनने ओढणीने नाक पुसलं. "नाही दिली, सेंगे. स्वतःची गिऱ्हाइकं का विकू?"

"हे मात्र तुझ्या लोभाने बरं केलं," सेंगे म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

जेन्ट्रिक्स तिथल्याच टोपल्यांच्या ढिगाऱ्यावर बसली. तिला केवढं हायसं वाटलं! मेट्रिनने काही केलं नव्हतं. मासिंदेने काही केलं नव्हतं. सतरा निरोप सतरा नंबरांवर गेले होते आणि तिथेच थांबले होते. जे झालं ते तिच्या स्वतःच्या हातून झालं होतं आणि स्वतःच्या हातचं निस्तरता येतं. ती तशीच अनवाणी मेट्रिनच्या घरी गेली. मेट्रिनने आधी दार उघडलं नाही. मग उघडलं, पण बोलली नाही. मग बोलली ती अर्धा तास बोलली आणि जेन्ट्रिक्सने टाचण्या नसतानाही ते सगळं मुकाट ऐकून घेतलं.

शुक्रवारी नेलिमा आली तेव्हा टेबलावर सगळे फर्मे उताणे मांडलेले होते आणि एव्हरलिन खाली मान घालून उभी होती.

"तुला नाव हवं होतं ना, म्वालिमू?" जेन्ट्रिक्स म्हणाली. "नाव माझंच आहे. एव्हरलिनने वाचलं, पण दिलं मी." तिने सगळं सांगितलं. "तक्रार करायची तर कर. मी बाकीच्या सोळा जणींच्या घरी स्वतः जाऊन सांगणार आहे. सभेत तसंच सांगितलं होतं, फुटलं तर ज्याचं फुटलं त्याला कळवा."

नेलिमाने एकच विचारलं. "म्हणजे माझं आणखी कुणाला कळलेलं नाही?"

"एक तुझ्या सासूचा फोन. तो तर तू पुसलास."

नेलिमा मटकन बाकावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मेट्रिनने तिला पाणी दिलं. सगळे फर्मे अंगणात जाळले. या वेळी सेंगेने काठीने ढवळून एकेक कपटा तपासला, तिचा चहा गार होऊन गेला. तक्रारीचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही.

६

पुढच्या आठवड्यात जेन्ट्रिक्स जुन्या वर्तमानपत्रांचे नवे फर्मे कापत असताना कुखू राएली दुकानात आली. नाकावर चष्मा होता.

"मला एक झगा शीव," म्हातारी म्हणाली. "नाचता येईल असा. खाली घेर भरपूर."

"काही समारंभ आहे का, कुखू?"

कुखूने दाराकडे पाहिलं, मेट्रिनकडे पाहिलं, सेंगेकडे पाहिलं. सेंगेने आपण खांब आहोत असा चेहरा केला.

"माझ्या फोनवर एक निरोप आला होता," कुखू हळू आवाजात म्हणाली. "आला त्याच दिवशी वाचला मी. चष्मा काय, खिशातच होता. वाटलं, हिच्याकडूनच वाचून घेते, म्हणजे तीच सांगेल मला. पोरीने वाचला, घाईघाईने पुसला, आणि मला कोबीच्या भावाचं काहीतरी सांगितलं." तिने डोळे टिपले. "गेल्या वेळी मी ओरडत सुटले होते. तिचं काय झालं ते मी पाहिलंय. या वेळी माझ्या तोंडातून ब्र निघाला नाही. देवाघरी गेलेल्या माणसांनाही प्रार्थनेत नाव घेऊन सांगितलं नाही. ती सांगेल तेव्हा मला कळेल. तोपर्यंत झगा तयार ठेव. आणि तिला सांगू नकोस हो."

 जेन्ट्रिक्सने नवी वही उघडली. वर नाव लिहिलं नाही, नुसता आकडा घातला. 'घेर भरपूर' एवढंच लिहिलं, वही कुलपात ठेवली आणि किल्ली पुन्हा गळ्यात अडकवली.

ऑक्टोबर संपता संपता नेलिमा आली. झग्याची चारही इंच माया उसवून झाली होती, आता नवाच झगा हवा होता. ती फुललेली दिसत होती.

"काल सांगितलं सासूबाईंना!" ती म्हणाली. "त्यांचं तोंड बघायला हवं होतं तू! हातातलं भांडंच पडलं. किंचाळल्या काय, अंगणभर नाचल्या काय! आणि झगा तर असा घालून आल्या, की नवा कोरा! त्यांना बिचाऱ्यांना जराही कल्पना नव्हती गं. त्या निरोपाची मला उगीचच एवढी धास्ती. खरंच, जेन्ट्रिक्स, त्यांना अजिबात शंका आली नसेल, नाही का?"

मागच्या बाकावर सेंगेने मांदाझीचा तुकडा चहात बुडवला आणि तो फार लक्ष देऊन खाऊ लागली. मेट्रिनला सुईत दोरा ओवताना एकाएकी काही दिसेनासं झालं.

जेन्ट्रिक्सने उशीवरच्या पाच टाचण्या उचलल्या, एकेक करून ओठांत धरल्या आणि फीत घेऊन नेलिमाच्या कमरेपाशी वाकली.